मांजर घमेलं सोडून कापसात, गादीवर लघवी करते तेव्हा काय तपासावं

लक्षणं आधी. यातलं एकही दिसत असेल तर पुढचं वाचा.

- रोज लघवी-शीसाठी माती भरलेल्या घमेल्यात जाणारी मांजर एकाएकी गादीवर, कपड्यांच्या ढिगावर, पोत्यांवर किंवा घरात भरून ठेवलेल्या कापसात लघवी करते.
- घमेल्यापर्यंत जाते, वास घेते आणि अगदी शेजारी फरशीवर करते.
- पुन्हा पुन्हा जाऊन बसते. थेंब-थेंब येते किंवा काहीच येत नाही. बसल्या जागी ओरडते.
- मूत्रद्वार सारखं चाटते. लघवी गुलाबी किंवा तांबूस दिसते.
- उभ्या-उभ्या शेपटी थरथरवत भिंतीवर, धान्याच्या कोठीवर, मोटारसायकलच्या चाकावर पिचकारी मारते.
- पाणी खूप पिते, लघवीही खूप करते आणि अंगाने उतरत चालली आहे.
- शी पातळ, आव किंवा रक्त पडतं. नाहीतर दोन दिवस शीच नाही.

आमच्या भागात या सगळ्याला एकच नाव मिळतं: "मांजर माजली." कोणी म्हणतं तिने डूख धरला. मग पोत्यात घालून तिला दुसऱ्या शिवारात सोडून यायची भाषा सुरू होते. गावातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या अशा मांजरी मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे, आणि मनापासून सांगते, डूख धरून कुठली मांजर गादीवर मुतत नाही. माती उकरून आपला मळ झाकणं तिच्या रक्तात आहे. तिने ती जागा सोडली तर तिला काहीतरी दुखतंय, कशाची तरी भीती वाटतेय किंवा ती जागा तिच्या नाकाला सहन होत नाही. या तिघांतलं नेमकं काय, ते शोधायचा क्रम खाली देते. आधी फुकटच्या गोष्टी, मग खर्चाच्या.

पहिली तपासणी: लघवी उतरतेय का?

याला पैसा लागत नाही, पण जीव यावरच अवलंबून असतो. म्हणून घमेलं धुण्याआधी, माती बदलण्याआधी हेच करायचं.

मांजर न्हाणीत किंवा रिकाम्या खोलीत ठेवा. सोबत पाण्याची वाटी आणि एक कोरडं घमेलं. त्यात मातीऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे. फटीतून लक्ष ठेवा. धडधाकट मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते आणि दर वेळी कागद चांगला भिजतो. ती मजेत बसली आहे, लोळते आहे, तर घाई नाही; काही तासांत कळेल. पण ती घमेल्यात बसते, जोर करते, उठते, पुन्हा बसते आणि कागद कोरडाच, तर तपासणी तिथेच संपली. खाली डॉक्टरांचं लिहिलंय तिथे थेट जा.

बोका असेल तर हे दुप्पट गांभीर्याने घ्या. बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते. लघवीतले खडे, वाळूसारखे स्फटिक किंवा चिकट द्रवाचा बोळा तिथे अडकतो. लघवी मागे साचते, मूत्रपिंडावर दाब येतो, रक्तात विषारी द्रव्यं आणि पोटॅशियम वाढतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. पूर्ण अडलेला बोका एका दिवसात गंभीर होतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. मांजरीची मूत्रनळी आखूड आणि रुंद असल्यामुळे तिच्यात हे क्वचित होतं.

इथे एक गैरसमज मी वारंवार पाहते. बोका पाठ वाकवून जोर करताना दिसला की घरच्यांना वाटतं त्याला शौचाला साफ होत नाही. मग एरंडेल पाजतात, गरम दूध देतात, उद्या बघू म्हणतात. तो "उद्या"च बोक्याला महागात पडतो. दोन्हींत बसण्याची ढब जवळजवळ सारखी दिसते, म्हणून ढबीवरून ठरवू नका. मागच्या पायांच्या थोडं पुढे, पोटाच्या खालच्या बाजूला हलक्या हाताने चाचपा. कच्च्या लिंबासारखी टणक गोल गाठ लागली आणि हात लागताच तो ओरडला, तर तो भरलेला मूत्राशय आहे. ती गाठ दाबून लघवी काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. मूत्राशय आतल्या आत फुटू शकतो. जबरदस्तीने पाणीही पाजू नका. वाट बंद असताना आत आणखी भरण्यात काही अर्थ नाही.

लघवी उतरतेय, भरपूर उतरतेय, जागा तेवढी चुकतेय, असं असेल तर पुढे चला.

घमेलं स्वतः हुंगून पाहा

गुडघ्यावर बसून घमेल्याजवळ नाक न्या. तुम्हाला वास आला तर तिला त्याच्या कितीतरी पट येतो. शी आणि ओल्या गुठळ्या रोज काढायच्या, आठवड्यातून एकदा सगळी माती फेकून घमेलं धुवायचं. एक मांजर असेल तर दोन घमेली, दोन असतील तर तीन. मांजरींच्या संख्येपेक्षा एक जास्त, हा नियम जगभर सांगतात आणि खेड्यातही तो खरा ठरतो. पुष्कळ मांजरी लघवी एकीकडे आणि शी दुसरीकडे करतात. घमेलं एवढं मोठं हवं की तिला आत पूर्ण वळता यावं. म्हातारी किंवा गाभण मांजर असेल तर बुटक्या काठाची परात चांगली, उंच काठावर चढताना तिचे सांधे दुखतात.

धुताना फिनाईल वापरू नका. कोठ्यात, न्हाणीत आपण सर्रास टाकतो, पण त्यातल्या फिनॉल वर्गातल्या द्रव्यांचं विष मांजरीच्या यकृताला उतरवता येत नाही. पाय ओले होतात, ती पाय चाटते आणि ते विष पोटात जातं. जखमेवर लावायच्या, पाण्यात टाकलं की पांढरं होणाऱ्या जंतुनाशकालाही हेच लागू. गरम पाणी, साधा साबण आणि कडक ऊन एवढं पुरतं. उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही.

घरात कोणी पोटुशी असेल तर हे काम तिने करू नये. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला घातक असतो. ताज्या विष्ठेतून तो लागत नाही, बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत लागण करण्याजोगा होतो. म्हणून दुसऱ्या कोणी रोजच्या रोज साफ केलं की धोका पुष्कळ कमी होतो. त्यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

जागा

आमच्याकडे या तक्रारी मोसमाने येतात. एप्रिलमध्ये खिडकीला कूलर लागतो आणि घमेलं नेमकं त्याच्या खाली असतं. पंख्याची घरघर, अंगावर येणारे थेंब, ओली फरशी. मांजर तिकडे फिरकत नाही. पुढे मृगाचा पाऊस पडला की वर्षभर अंगणात, वावरात जाणारी मांजर घरात करू लागते, कारण काळ्या मातीचा चिखल झालेला असतो आणि तिला पाय ठेवायला कोरडी जागा उरत नाही. दिवाळीच्या सुमारास वेचणी होऊन कापूस घरात येतो. घमेल्याची खोली कापसाने भरते, घमेलं ओसरीत जातं आणि ओसरीत कुत्रं बसलेलं असतं.

म्हणून स्वतःला विचारा: हे सुरू होण्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांत घरात काय हललं? घमेलं शांत कोपऱ्यात हवं, तिथून पळायला वाट हवी, आणि ते तिच्या जेवणा-पाण्यापासून लांब हवं. जिथे खाते तिथे मांजर घाण करत नाही. पावसाळ्यात बाहेर जाणाऱ्या मांजरीसाठीही घरात एक कोरडं घमेलं ठेवाच.

माती

विकतचं लिटर, म्हणजे घमेल्यात घालायची तयार माती, खेड्यात मिळत नाही आणि त्याची फारशी गरजही नाही. गुठळ्या होणारं लिटर बहुतेक बेंटोनाइटचं असतं. बेंटोनाइटमध्ये मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट ही ओल शोषून फुगणारी चिकणमाती असते, आणि आपल्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीतही याच जातीची चिकणमाती भरपूर आहे. म्हणून तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी ढेकळं कडक उन्हात वाळवा, फोडा, चाळणीने चाळा. नुसती काळी माती पंजाला चिकटते, म्हणून तेवढीच बारीक कोरडी वाळू मिसळा. चार बोटं जाड थर द्या. लघवीची गुठळी होते आणि खुरप्याने उचलता येते.

माती कुठून घेता ते महत्त्वाचं. फवारणीच्या वावरातली, तणनाशक मारलेल्या बांधावरची नको. पंजे चाटणाऱ्या जनावरासाठी ती माती विषच आहे. युरिया पडलेली मातीही नको, तिला ओल लागली की अमोनियाचा उग्र वास सुटतो. घराजवळच्या पडीक जागेची घ्या.

चुलीची राख बरेच जण वापरतात. कोरडी असताना ठीक वाटते, पण ओली झाली की तिचं क्षाराचं पाणी होतं आणि ते पंजाला झोंबतं. सोयाबीनचं कुटार टोचतं. लाकडाचा भुसा चालतो, फक्त लवकर कुजतो. तिला काय आवडतं हे तिलाच विचारा: दोन घमेली शेजारी-शेजारी, दोन प्रकारच्या माती, आणि चार दिवस बघा कोणतं जास्त भरतं. बदल करायचा तर जुन्या मातीत नवी थोडी-थोडी मिसळत करा.

आता कापसाबद्दल, कारण घरातलं भांडण त्यावरूनच पेटतं आणि ते समजण्यासारखं आहे. भाव यायची वाट बघत घरात थांबवलेला वर्षाचा माल, त्यात मांजर मुतली तर कोणाचा जीव जळणार नाही? पण तिच्या बाजूने पाहा. कापूस मऊ, कोरडा, उबदार. लघवी पडताक्षणी शोषली जाते, पायावर उडत नाही. ज्या मांजरीला लघवी करताना जळजळ होते ती तर घमेल्यालाच दुखण्याचं कारण समजते आणि मऊ जागा शोधते. त्यामुळे कापसात सुरुवात झाली की मी पहिली तपासणी पुन्हा एकदा करायला लावते.

उपाय असा. खराब झालेला कापूस लगेच वेगळा काढा, नाहीतर वासाने ती तिथेच परत येईल. खोली बंद राहत असेल तर उत्तम. एकाच खोलीचं घर असेल तर ढिगावर ताडपत्री घाला, मात्र फाटक्या प्लॅस्टिक पोत्यांचे धागे कापसात मिसळू देऊ नका, विकताना ते नडतात. आणि तिच्या घमेल्यात मातीवर मूठभर कवडी (हलक्या प्रतीचा) कापूस पसरा. ती तिथे जाऊ लागली की रोज थोडा-थोडा कमी करत न्या. हा उपाय मी अनेक घरांत करून पाहिला आहे. धीर धरला तर लागू पडतो.

जुना वास काढणं

जिथे एकदा केली तिथे पुन्हा करते ती वासामुळे. आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसा आणि उन्हात वाळवा. गादी असेल तर दोन-तीन दिवस उन्हात. अमोनियाचा वास असलेली फरशी पुसायची द्रव्यं टाळा, तिला तो लघवीचाच वास वाटतो. जागा पूर्ण वाळली की तिथे तिची जेवणाची वाटी ठेवा.

पाणी आणि खाणं

मांजर मुळात कमी पाणी पिणारं जनावर. तिची पाण्याची गरज शिकारीतून भागते, उंदराच्या अंगात सुमारे 70 टक्के पाणी असतं. कोरड्या दाणेदार खाद्यात ते 10 टक्क्यांच्या आसपास असतं. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो; अशा वेळी फक्त कोरड्या खाद्यावर असलेल्या मांजरीची लघवी घट्ट होते, आणि जळजळ, स्फटिक यांना तिथूनच वाव मिळतो. चार किलोच्या मांजरीला खाण्यातून आणि पिण्यातून मिळून दिवसाला साधारण 200 मिली पाणी जायला हवं.

घरात दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा, घमेल्यापासून लांब. खाण्यात पाणी मिसळा. उकडलेल्या कोंबडीचं किंवा मासळीचं पाणी चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणाने मांजरीचं रक्त बिघडतं. कूलरच्या टाकीत तोंड घालते का ते बघा. ते पाणी शिळं असतं आणि डासांसाठी त्यात कोणी काय टाकलं असेल ते सांगता येत नाही. नुसत्या दूध-भाकरीवर मांजर ठेवणाऱ्यांना कळकळीने सांगते, ती मांसाहारी आहे, तिला मांस-मासळी-अंडं लागतंच. मोठ्या मांजरींना दूध बरेचदा पचत नाही आणि पातळ शी त्यामुळेच होते.

भीती आणि पिचकारी

उभ्याने पिचकारी मारणं हे हद्दीचं भांडण. नसबंदी न केलेला बोका ते करतो, माजावर आलेली मांजरही करते. बाहेरचा बोका रात्री धाब्यावरून येत असेल तर घरातली घाबरून करते. यावर माती बदलून काही होत नाही. नसबंदी केली की बहुतेक बोके पिचकारी सोडतात, आणि सवय लागण्याआधी, पाच-सहा महिन्यांचा असताना केली तर ती सहसा लागत नाही.

भीतीचा, बदलाचा ताण थेट मूत्राशयावरही उतरतो. तरुण मांजरींमध्ये रक्त मिसळलेली थेंब-थेंब लघवी बरेचदा जंतूंशिवाय, नुसत्या दाहामुळे होते. घरातलं लग्न, नवं कुत्रं, नवं बाळ, घर बदलणं ही निमित्तं होतात. अशा मांजरीला मारलं तर दुखणं वाढतंच. तिला लपायला एक खोकं द्या आणि जेवणाच्या वेळा पाळा.

शीच्या तक्रारी

तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शीत किंवा शेपटीखाली दिसले तर पट्टकृमी. जंताचं औषध वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या, ढोरांच्या औषधातला अंदाजे डोस देऊ नका. दोन दिवस शी नाही तर डॉक्टर. पिल्लाला उलट्या, रक्ताची पातळ शी आणि खाणं बंद असेल तर त्याच दिवशी न्या. तो पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा रोग असू शकतो, न लसवलेली पिल्लं त्यात भराभर जातात.

लघवीत किंवा शीत रक्त आणि हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तर घरात किंवा शेजारी उंदराचं औषध ठेवलं होतं का ते विचारा. काही उंदीरनाशकं रक्त गोठू देत नाहीत, आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरीलाही बाधा होते. औषधाचं पाकीट डॉक्टरांना दाखवा, त्यावर उतारा ठरतो.

इथे थांबा, डॉक्टरांकडे जा

- जोर करूनही लघवी येत नाही, विशेषतः बोका. दिवस-रात्र, ऊन-पाऊस बघू नका.
- लघवीचा त्रास आणि सोबत उलट्या, अंग गार, गुंगी.
- रक्त दिसतंय. मांजर हिंडती-फिरती असली तरी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी.
- सात-आठ वर्षांपुढची मांजर खूप पाणी पिते, खूप लघवी करते. मूत्रपिंड किंवा मधुमेह, दोन्ही रक्ततपासणीशिवाय कळत नाहीत.
- वरचं सगळं करून आठवडा झाला आणि फरक नाही.

घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. माणसाची एक गोळी मांजरीचा जीव घ्यायला पुरेशी आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकचंही तेच.

निघण्याआधी जवळच्या ढोरांच्या दवाखान्यात फोन करा आणि स्पष्ट विचारा: बोक्याची लघवी अडली आहे, बारीक कॅथेटर (लघवी काढायची नळी) आहे का, भूल देता येते का? खेड्यातल्या दवाखान्याचा भर गाई-म्हशी-शेळ्यांवर असतो, त्यामुळे कॅथेटर नसणं शक्य आहे. तरी तिथले डॉक्टर वेदनाशामक देऊ शकतात, सलाईन लावू शकतात, गरज वाटली तर सुईने मूत्राशय तात्पुरता रिकामा करू शकतात, आणि पुढच्या प्रवासापुरता वेळ मिळतो. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक 1962 आहे, तिथेही विचारून पाहा. पुढे नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था. तुम्हाला जे जवळ पडेल ते.

न्यायला भाजीचे दोन क्रेट एकमेकांवर पालथे घालून सुतळीने घट्ट बांधा, आत जुना टॉवेल. पोत्यात घालू नका, उन्हात ती गुदमरते. उन्हाळ्यात क्रेटवर ओलं फडकं टाका, पण हवा खेळती ठेवा. मोबाइलवर तिच्या बसण्याचा व्हिडिओ काढून घ्या, डॉक्टरांना शंभर शब्दांपेक्षा त्यातून जास्त कळतं. शेवटची लघवी कधी झाली, काय खाल्लं, काय पाजलं हे खरं सांगा. एरंडेल पाजलं असेल तर तेही.

वाट मोकळी झाल्यावर लघवीची तपासणी आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी सांगतील, ती टाळू नका. स्ट्रुव्हाइटचे खडे विशिष्ट आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते काढावे लागतात. आहार त्यावरच ठरतो. एकदा अडलेला बोका पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा अडण्याची शक्यता बरीच असते, म्हणून घरी आल्यावर निदान पंधरा दिवस मातीऐवजी कागदाचं घमेलं ठेवा आणि प्रत्येक वेळी कागद भिजला का ते पाहा. वारंवार अडू लागला तर मूत्रनळीचं तोंड रुंद करण्याची शस्त्रक्रिया असते. ती कुठे होईल आणि तुमच्या बोक्याला योग्य आहे का, हे त्याच डॉक्टरांना विचारून ठेवा.